विश्लेषण : घरे जास्त हवीत की चांगली? ब्रिटनचे अनायरिन बेव्हन आजही का आठवले जातात?

घर किती रुपयांना किंवा किती पौंडांना विकायचे, हे सहसा सरकार ठरवत नाही. पण बांधकामाला परवानगी कोणाला द्यायची, जमीन कोणत्या भावाने घ्यायची, कर्जावर व्याज किती, अनुदान कशासाठी आणि किमान घर केवढे असावे, हे मात्र सरकारच ठरवते. या निर्णयांतून किती घरे उभी राहणार आणि ती कोणाला परवडणार, हे ठरते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हे सारे निर्णय ज्यांच्या भोवती फिरले, ते मंत्री म्हणजे अनायरिन बेव्हन. राष्ट्रीय आरोग्य सेवा अर्थात ‘एनएचएस’चे जनक म्हणून ते जगाला ठाऊक आहेत. मात्र घरबांधणीही त्यांच्याच खात्यात होती. त्या आघाडीवर त्यांनी घेतलेल्या निर्णयांवरचा वाद आजही मिटलेला नाही.

कोण होते बेव्हन?

बेव्हन यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८९७ रोजी साउथ वेल्समधील ट्रेडिगर या कोळसा आणि लोखंडाच्या गावात झाला. वडील डेव्हिड खाणकामगार होते. दहा भावंडांपैकी काही लहानपणीच दगावली. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि अनायरिन खाणीत उतरले. बोलताना ते अडखळत. पण कामगारांच्या वाचनालयातली पुस्तके वाचून आणि सभांमध्ये मुद्दाम बोलून त्यांनी त्यावर मात केली. पुढे ब्रिटिश संसदेतील अव्वल वक्त्यांत त्यांची गणना झाली.

१९१९ मध्ये ते कामगार संघटनेच्या मदतीने लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात शिकायला गेले. १९२१ मध्ये परतले तेव्हा खाणीने त्यांना पुन्हा कामावर घेतले नाही. पुढची काही वर्षे बरीचशी बेकारीत गेली. १९२५ मध्ये वडील कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराने गेले. दरम्यान १९२२ मध्ये ते ट्रेडिगरच्या स्थानिक परिषदेवर निवडून आले होते. पाणी, सांडपाणी, घरे हे तिथले रोजचे विषय. दाटीवाटीची, ओल आलेली घरे आणि आजारपण यांचा संबंध त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९२९ मध्ये ते एबू व्हेलमधून खासदार झाले आणि मृत्यूपर्यंत तिथूनच निवडून येत राहिले. १९३४ मध्ये त्यांनी जेनी ली यांच्याशी विवाह केला. युद्धकाळात विन्स्टन चर्चिल यांच्यावर भर संसदेत टीका करणारे म्हणून ते ओळखले गेले.

१९४५ मध्ये घरटंचाई किती तीव्र होती?

जुलै १९४५ मध्ये मजूर पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले. पंतप्रधान क्लेमेंट ॲटली यांनी ४७ वर्षांच्या बेव्हन यांना आरोग्यमंत्री केले. ते मंत्रिमंडळातील सर्वांत तरुण सदस्य होते. स्थानिक परिषदांचा कारभार आणि गृहनिर्माण हे दोन्ही त्या वेळी आरोग्य खात्याखाली येत.

बॉम्बहल्ल्यांत सुमारे साडेचार लाख घरे नष्ट झाली होती किंवा राहण्याजोगी उरली नव्हती. नुकसान झालेल्या घरांची संख्या त्याच्या कितीतरी पट होती. युद्धाच्या सहा वर्षांत नवे बांधकाम जवळपास थांबले होते. बांधकाम मजुरांची संख्या युद्धापूर्वीच्या सुमारे एक तृतीयांशावर आली होती. युद्धकालीन सरकारने मार्च १९४५ मध्ये अंदाज बांधला होता की प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र घर द्यायचे तर साडेसात लाख घरे लागतील. झोपडपट्टीवजा वस्त्या हटवायच्या तर आणखी पाच लाख. हा अंदाजही कमीच ठरला, कारण सैनिक घरी परतले, लग्ने झाली आणि जन्मदर वाढला.

वाट पाहून थकलेल्या लोकांनी १९४६ च्या उन्हाळ्यात रिकाम्या लष्करी तळांतील बराकींत मुक्काम ठोकला. ऑक्टोबरपर्यंत इंग्लंड-वेल्समधील हजारभर तळांत सुमारे ४० हजार लोक राहत होते. सप्टेंबरमध्ये लंडनच्या केन्सिंग्टनसारख्या श्रीमंत भागातील रिकाम्या आलिशान फ्लॅटमध्येही लोक घुसले. बराकींतील वस्ती सरकारने स्वीकारली आणि ती स्थानिक परिषदांकडे सोपवली. फ्लॅट मात्र रिकामे करवून घेतले. प्रतीक्षायादी डावलून कोणी पुढे जाऊ नये, अशी बेव्हन यांची भूमिका होती. ज्यांच्या बाजूने आयुष्यभर बोललो, त्यांच्याविरुद्ध उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली.

बिल्डरांऐवजी स्थानिक परिषदांवर भर का?

१९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये खासगी घरबांधणीची लाट आली होती. कर्ज स्वस्त होते, शहरांभोवती जमीन मुबलक होती आणि वर्षाला तीन लाखांहून अधिक घरे होत होती. पण ती प्रामुख्याने मध्यमवर्गाला आणि बऱ्या पगाराच्या कामगारांना परवडणारी होती. जुन्या वस्त्यांतील गरीब भाडेकरू तिथेच राहिले.

१९४५ मध्ये विटा, लाकूड आणि गवंडी हे तिन्ही मोजकेच होते. खुल्या बाजारात ते ज्याच्याकडे पैसा जास्त त्याच्याकडे जाणार, हे उघड होते. म्हणून बेव्हन यांनी युद्धकाळातील बांधकाम परवान्याची पद्धत कायम ठेवली. परिषदांची चार घरे झाली तर खासगी मालकीचे एक, असे साधारण प्रमाण ठरवले. घर बांधण्याचे काम खासगी कंत्राटदारच करत. पण घर कुठे, केवढे आणि कोणाला, हे परिषद ठरवे. किती खासगी बिल्डर किती घरे बांधतील याचे नियोजन सरकारला करता येत नाही, मात्र सुमारे दीड हजार परिषदांना उद्दिष्ट देता येते, असा त्यामागचा विचार होता.

याची दुसरी बाजूही होती. अनेक परिषदा अगदी लहान होत्या. त्यांच्याकडे वास्तुविशारद नव्हते आणि मोठी कंत्राटे हाताळण्याचा अनुभवही नव्हता. त्याच वेळी अनुभवी बिल्डर स्वतःची घरे बांधायला परवाना मिळत नाही म्हणून नाराज होते.

अनुदानाचे गणित काय होते?

१९४६ च्या कायद्याने प्रत्येक नव्या घरामागे केंद्र सरकारचे अनुदान वर्षाला साडेपाच पौंडांवरून साडेसोळा पौंडांवर गेले, म्हणजे तिप्पट झाले. ते ६० वर्षे मिळणार होते. त्यात परिषदेने स्थानिक करातून आणखी साडेपाच पौंड घालायचे होते. अशा रीतीने एका घरामागे वर्षाला २२ पौंडांचा आधार मिळाला.

त्याला जोड मिळाली स्वस्त कर्जाची. अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी परिषदांना मिळणाऱ्या सरकारी कर्जाचा व्याजदर अडीच टक्क्यांपर्यंत खाली आणला. ६० वर्षांच्या कर्जात व्याज हाच सर्वांत मोठा खर्च असतो. त्यामुळे दरात एक टक्क्याचा फरक पडला तरी भाड्यात मोठा फरक पडतो. तरीही बांधकामाचा खर्च युद्धापूर्वीच्या तिपटीच्या वर गेला होता. त्यामुळे नव्या घरांचे भाडे सर्वांत गरीब कुटुंबांना जडच जात होते. अनुदान वाढवल्याने घर परवडणारे होते, पण साहित्य आणि मजूर वाढत नाहीत. ही मर्यादा पुढे ठळकपणे दिसली.

९०० चौरस फुटांचा आग्रह कशासाठी?

युद्धापूर्वी परिषदेचे तीन शयनगृहांचे घर साधारण ७५० चौरस फुटांचे असे. १९४४ च्या डडली समितीने ९०० चौरस फुटांची शिफारस केली होती. बेव्हन यांनी ती स्वीकारली आणि सामानाच्या खोलीसाठी आणखी जागा दिली. प्रत्यक्षात अनेक घरे हजार चौरस फुटांच्या पुढे गेली. कुटुंबाच्या घरात वर एक आणि खाली एक अशी दोन शौचालये असावीत, असा त्यांचा आग्रह होता. ज्यांनी घराबाहेरच्या सामायिक शौचालयांसमोर रांगा लावल्या, त्यांच्यासाठी हा मोठा बदल होता.

घरे लहान करा म्हणजे जास्त होतील, असा दबाव विरोधकांकडून होता आणि स्वपक्षातूनही होता. बेव्हन बधले नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी लोक घरांचा आकडा विचारतील, पण काही वर्षांनंतर घर कसे बांधले याच हिशेबाने सरकारला तोलतील, असे त्यांचे मत होते. याच कारणाने कारखान्यात तयार करून जागेवर जोडायची ‘प्रीफॅब’ घरे त्यांना पसंत नव्हती. तातडीची गरज म्हणून युद्धकालीन कायद्याखाली दीड लाखांहून अधिक प्रीफॅब उभी राहिली. ती सुमारे दहा वर्षांसाठी होती, पण अनेक घरांत लोक कितीतरी जास्त काळ राहिले.

१९४९ च्या गृहनिर्माण कायद्यात त्यांनी आणखी एक बदल केला. परिषदेची घरे कामगार वर्गासाठी, अशी मर्यादा जुन्या कायद्यांत होती. ती त्यांनी काढून टाकली. डॉक्टर, दुकानदार आणि शेतमजूर एकाच गल्लीत राहावेत, अशी त्यांची कल्पना होती. गरिबांची वेगळी वसाहत झाली की ती हळूहळू दुर्लक्षित होते, हे त्यांनी पाहिले होते. लंडनच्या फिन्सबरी भागातील स्पा ग्रीन या संकुलाची कोनशिला त्यांनी १९४६ मध्ये बसवली. बर्थोल्ड लुबेटकिन यांनी आखलेल्या या परिषदेच्या इमारतींना आज वारसा वास्तूंचा दर्जा आहे.

मग घरे रखडली का?

सुरुवातीला कंत्राटे झपाट्याने दिली गेली, पण विटा आणि लाकूड त्या गतीने आले नाही. जागोजागी भिंती उभ्या आणि छप्पर नाही, असे दृश्य दिसू लागले. १९४७ च्या सुरुवातीला कडाक्याची थंडी पडली, कोळसा तुटला आणि कारखाने बंद राहिले. त्याच उन्हाळ्यात ब्रिटनवर परकीय चलनाचे संकट कोसळले. लाकूड आयात करावे लागत होते आणि त्यासाठी डॉलर हवे होते. अर्थ खात्याने सर्वप्रथम घरबांधणीवर कात्री लावली.

वर्षाला पूर्ण झालेली पक्की घरे पाहिली तर चढउतार कळतो. १९४६ मध्ये सुमारे ५५ हजार, १९४७ मध्ये सुमारे १ लाख ४० हजार आणि १९४८ मध्ये २ लाख २७ हजारांहून अधिक. त्यानंतर आकडा दोन लाखांच्या आसपास रेंगाळला. १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाल्यावर उद्दिष्ट १ लाख ७५ हजारांवर आणण्यात आले. बेव्हन यांनी भांडून ते पुन्हा दोन लाखांवर नेले. मजूर पक्षाच्या सहा वर्षांत दहा लाखांहून अधिक पक्की घरे झाली आणि त्यांतली सुमारे ८० टक्के परिषदांची होती.

बेव्हन यांचे लक्ष विभागले होते, ही टीकाही पूर्णपणे चुकीची नाही. ५ जुलै १९४८ रोजी ‘एनएचएस’ सुरू होईपर्यंत डॉक्टरांच्या संघटनेशी त्यांचा संघर्ष चालू होता. शिवाय घरे एका खात्याकडे, बांधकाम साहित्य दुसऱ्याकडे आणि नगरनियोजन तिसऱ्याकडे, अशी विभागणी होती.

जमिनीच्या भावाचे काय झाले?

परवडणाऱ्या घराची खरी गोम जमिनीत असते. नियोजन खात्याचे मंत्री लुईस सिल्किन यांनी आणलेल्या १९४७ च्या नगरनियोजन कायद्याने जमीन विकसित करण्याचा हक्कच सरकारकडे घेतला. बांधकामाआधी परवानगी सक्तीची झाली. परवानगीमुळे जमिनीची किंमत जितकी वाढेल, तितकी सर्व वाढ सरकारला द्यावी लागे. शेतजमिनीवर घरांना परवानगी मिळताच जो फायदा होतो, तो मालकाच्या मेहनतीचा नसून समाजाच्या निर्णयाचा आहे, हे त्यामागचे तत्त्व होते.

तत्त्व स्पष्ट होते, व्यवहार अडला. विकून काहीच फायदा नाही म्हटल्यावर अनेक मालकांनी जमीन विकायचे टाळले. हुजूर पक्षाच्या सरकारने १९५३ मध्ये हा आकार रद्द केला, पण परवानगीची सक्ती तशीच ठेवली. १९५९ मध्ये सक्तीच्या भूसंपादनातही बाजारभाव द्यायचे ठरले. परिणामी परवानगी दुर्मीळ राहिली आणि तिच्यामुळे वाढणारी किंमत मालकाच्या खिशात जाऊ लागली. ब्रिटनमधील आजच्या महागड्या घरांची चर्चा बहुतेक वेळा या वळणापाशी येऊन थांबते.

मॅकमिलन यांनी वर्षाला ३ लाख घरे कशी बांधली?

जानेवारी १९५१ मध्ये बेव्हन यांना कामगार खाते मिळाले आणि घरबांधणी डाल्टन यांच्याकडे गेली. एप्रिलमध्ये दात आणि चष्म्यांवर शुल्क लावण्याच्या निर्णयाविरोधात बेव्हन यांनी राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये मजूर पक्षाची सत्ता गेली. वर्षाला तीन लाख घरांचे आश्वासन देऊन हुजूर पक्ष सत्तेवर आला होता. नवे गृहनिर्माणमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी १९५३ मध्येच तो टप्पा ओलांडला.

त्यांनी अनुदान आणखी वाढवले, साहित्य मिळवण्यासाठी खात्याला स्वतंत्र यंत्रणा दिली आणि खासगी बांधकामाचे परवाने सैल केले. १९५४ मध्ये परवाना पद्धतच संपली. मुख्य म्हणजे घर लहान केले. जिन्याभोवतीची जागा आणि दुसरे शौचालय गेले. या काटछाटीची सुरुवात मजूर पक्षाच्याच डाल्टन यांनी केली होती. बेव्हन यांना हे मान्य नव्हते. तरीही मॅकमिलन यांच्या काळात अधिक कुटुंबांना स्वतःचे दार मिळाले, हे नाकारता येत नाही. एका खोलीत दोन मुलांसह दिवस काढणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या शौचालयापेक्षा दोन वर्षे आधी मिळणारे घर अधिक मोलाचे वाटले असेल.

पुढे त्या घरांचे काय झाले?

१९५६ पासून इमारत जितकी उंच तितके अनुदान जास्त, असे धोरण आले. शहरोशहरी मनोरे उभे राहिले. १९६८ मध्ये लंडनमधील रोनन पॉइंट या नव्याकोऱ्या मनोऱ्याचा एक कोपरा गॅसच्या स्फोटानंतर कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर मनोऱ्यांचे युग ओसरले. अनुदानाची अट बदलली की इमारतींचा आकार बदलतो, याचे हे ठळक उदाहरण.

१९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने भाडेकरूंना परिषदेचे घर मोठ्या सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. तेव्हा ब्रिटनमधील जवळपास एक तृतीयांश कुटुंबे परिषदेच्या घरांत राहत होती. पुढच्या दशकांत सुमारे २० लाख घरे विकली गेली. मनोऱ्यांतील फ्लॅटपेक्षा बाग असलेल्या, ऐसपैस घरांना मागणी अधिक होती आणि बेव्हन यांच्या काळातील घरे याच प्रकारची होती. अनेक कामगार कुटुंबे यातून घरमालक झाली. पण विक्रीच्या पैशातून तितकीच नवी घरे बांधायला परिषदांना मोकळीक मिळाली नाही. १९९० च्या दशकापर्यंत परिषदांची घरबांधणी नगण्य झाली. खासगी क्षेत्राने ती तूट भरून काढली नाही. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये सर्वसाधारण घराची किंमत वार्षिक कमाईच्या साडेतीन पटींच्या आसपास होती. अलीकडे ती आठ पटींच्या घरात आहे.

बेव्हन यांचा हिशेब आज कसा मांडायचा?

बेव्हन यांचे ६ जुलै १९६० रोजी कर्करोगाने निधन झाले. तेव्हा ते मजूर पक्षाचे उपनेते होते. परिषदांच्या घरांची विक्री किंवा आजचे भाव त्यांनी पाहिले नाहीत.

घरांच्या आकड्यांवर ते विरोधकांकडून हरले. दर्जाबाबत मात्र त्यांचे म्हणणे टिकले. १९६१ मध्ये पार्कर मॉरिस समितीने पुन्हा ऐसपैस घरांचा आग्रह धरला आणि पुढे काही वर्षे तो परिषदांना बंधनकारक होता. पण त्यांच्या आग्रहाची किंमत प्रतीक्षायादीतल्या कुटुंबांनी मोजली, हेही खरे. लाकूड, मजूर आणि जमीन मोजकी असताना संख्या, आकार आणि भाडे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. एक वाढवली की दुसरीला झळ बसते. कोणाला झळ बसू द्यायची, हे ठरवणे म्हणजेच गृहनिर्माण धोरण.

एकदा बांधलेले चांगले घर सार्वजनिक हातात राहिले तरच त्याचा लाभ पुढच्या पिढीच्या भाडेकरूला मिळतो, हा या कथेचा शेवटचा धडा. इंग्लंडमध्ये परिषदेचे घर विकत घेण्याचा हक्क सवलती कमी होऊनही कायम आहे. बेव्हन यांच्या वेल्सने मात्र तो जानेवारी २०१९ मध्ये रद्द केला.